खालची टाकी शेवटची कधी धुतली?

पावसाच्या आधीचा अंक म्हणून यावेळी पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांवर प्रश्न मागवले होते. भरपूर आले, सारखे होते ते एकत्र केलेत. गच्चीवरच्या टाकीबद्दल फारसं कोणी विचारलं नाही, सगळा जोर जमिनीखालच्या टाकीवर आहे आणि ते बरोबरच आहे. वरची टाकी निदान डोळ्यांना दिसते, खालचीचं झाकण कुणाच्या तरी गाडीखाली असतं आणि आत काय चाललंय ते वर्ष-वर्ष कोणी बघत नाही.

प्रश्न: आमची ४२ फ्लॅटची सोसायटी, खालची टाकी साठ हजार लिटरची. दरवर्षी मे महिन्यात कॉन्ट्रॅक्टर दोन पोरं घेऊन येतो, ती आत उतरतात, दोन-तीन तासांत काम संपतं. यंदा कमिटीत काही जण म्हणतायत की निम्म्या पैशात करून देणारा दुसरा आहे. कोणाला द्यावं, आणि काम नीट झालं हे ओळखायचं कसं? (सेक्रेटरी, डोंबिवली)

सेक्रेटरी साहेब, पैशांचं नंतर बघू, आधी त्या दोन पोरांचं बघू. तुमचं पत्र बरंच मोठं आहे, त्यात ब्रशपासून बिलापर्यंत सगळं आहे, पण ती पोरं आत कशी उतरतात, वर कोण उभं असतं, काही झालं तर त्यांना बाहेर कसं काढणार, यावर एक ओळ नाही. आणि हे तुमच्याच पत्रात नाही असं नाही, जवळजवळ सगळ्याच पत्रांत नाहीये, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय.

मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीच्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत साफसफाईला उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. ड्रेनेज नाही, सेप्टिक टँक नाही, पाण्याची टाकी. लोकांना वाटतं की गटारात गॅस असतो, पिण्याच्या पाण्यात कुठला आलाय गॅस? पण टाकी बंद असते, झाकण एकच, दोन फुटांचं, हवा खेळत नाही. तळाच्या गाळातले जिवाणू ऑक्सिजन खातात, आतल्या लोखंडी पायऱ्या गंजतात त्यात ऑक्सिजन जातो, नवीन इमारत असेल तर स्लॅबच्या सेंट्रिंगच्या फळ्या आणि प्लाय तसेच आत कुजत पडलेले असतात, ते ऑक्सिजन ओढतात आणि वर कार्बन डायऑक्साइड सोडतात. आपण श्वास घेतो त्या हवेत ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की ती जागा धोक्याची धरतात, आणि १० च्या खाली गेला तर माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही, पाय लटपटतात आणि तो खाली बसतो. आणि वरचा काय करतो? "अरे काय झालं रे" म्हणून त्याला धरायला आत उडी मारतो. मग तिसरा. एकाच टाकीत एका मागोमाग एक माणसं जातात ती अशी. कमी ऑक्सिजनला वास नसतो, रंग नसतो, आत वाकून बघून काहीही कळत नाही.

तेव्हा कॉन्ट्रॅक्टरला पहिला प्रश्न हा विचारा की गॅस डिटेक्टर आहे का. चार गॅसचा मीटर येतो, ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि पेटणारे गॅस दाखवणारा, तो दोरीने आत सोडून वर, मध्ये आणि तळाशी असं तीन ठिकाणी रीडिंग घ्यायचं, तुमच्या समोर. दुसरं, सगळी झाकणं उघडून ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडून निदान अर्धा तास ताजी हवा मारायची, आणि माणूस आत असेपर्यंत ब्लोअर बंद करायचा नाही. तिसरं, आत जाणाऱ्याच्या अंगावर पूर्ण हार्नेस, त्याला दोर, आणि झाकणावर तिकाटणं म्हणजे ट्रायपॉड, म्हणजे तो पडला तर वरूनच ओढून काढता येतो. चौथं, वर एक माणूस ज्याचं काम फक्त आतल्याशी बोलत राहणं, तो चहा आणायला जाणार नाही, फोनवर बोलणार नाही, आणि आतला पडला तर तो आत उतरणार नाही, दोर ओढेल आणि १०१ ला फोन करेल.

आणखी दोन गोष्टी. पाणी उपसायला पेट्रोल किंवा डिझेलचा पंप लावत असाल तर तो टाकीत तर नकोच पण झाकणाच्या जवळसुद्धा नको, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत साचतो. आणि विजेचा मडपंप असेल तर वायरला जोड नको, लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच हवा, आणि माणूस पाण्यात उभा असताना पंप चालू ठेवायचा नाही. आतल्या उजेडासाठी २३० व्होल्टचा बल्ब लोंबकळत सोडतात तो प्रकार बंद करा, बॅटरीचा दिवा मिळतो.

निम्म्या पैशात करणारा यातलं काय काय गाळून निम्मं करतोय ते तुम्हाला आता विचारता येईल. हे सगळं असलेला महाग पडेल, पडू दे, ४२ घरांत वाटला तर जो फरक येतो तेवढ्यासाठी कुणाचं पोर आत पाठवू नका.

काम नीट झालं का हे बघायला आत उतरायची गरज नाही. धुण्याआधी आणि धुतल्यावर मोबाइल काठीला लावून चारी कोपऱ्यांचा व्हिडिओ मागा, पाण्याची रेघ जिथे असते तिथे भिंतीला बुळबुळीत थर धरतो तो गेलेला दिसला पाहिजे, खांबांची मागची बाजू आणि पंपाच्या फूट व्हॉल्व्हखालची जागा हमखास राहते. गाळ किती निघाला तो बाहेर बघा, लाल असेल तर पाइप किंवा पायऱ्या गंजतायत, काळा आणि वास मारणारा असेल तर मामला वेगळा आहे, त्याबद्दल पुढे पुण्याच्या ताईंच्या प्रश्नात लिहिलंय. आणि पुन्हा भरल्यावर क्लोरीन तपासल्याशिवाय वरच्या टाकीत पाणी चढवू नका.

प्रश्न: आमच्याकडे विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडून बघतात. टाकीत मेणबत्ती सोडली, ती पेटती राहिली तर माणूस उतरायला हरकत नाही ना? (भोर)

हरकत आहे. मेणबत्ती विझली तर उतरू नये हे खरं, पण पेटती राहिली म्हणून सुरक्षित हे खरं नाही. ती साधारण १६-१७ टक्के ऑक्सिजनपर्यंत जळत राहते, तेवढ्यात माणसाचं डोकं गरगरायला लागलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड असला तर ज्योतीला त्याचा पत्ताच लागत नाही, आणि आत वॉटरप्रूफिंगच्या सॉल्व्हंटची वाफ असेल तर ती ज्योत भडका उडवेल. अंड्यासारखा वास आला तर कळेल असंही काही जण म्हणतात, पण हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास यायचा थांबतो आणि माणसाला वाटतं गेला गॅस. जुन्या लोकांकडे मीटर नव्हते म्हणून ते कंदील सोडायचे, आपल्याकडे आहेत.

प्रश्न: बंगल्याला ५ हजार लिटरची खालची टाकी आहे, कमरेएवढीच उंच. ब्लीचिंग पावडर किती टाकायची? नेटवर प्रत्येक जण वेगळं सांगतो, कोणी चमचा म्हणतो कोणी किलो. (सांगली)

दादा, चमचावाला आणि किलोवाला दोघंही बरोबर असू शकतात, कारण दोन वेगळी कामं आहेत. एक म्हणजे रिकामी टाकी निर्जंतुक करणं आणि दुसरं म्हणजे प्यायच्या पाण्यात क्लोरीन ठेवणं.

आधी पावडरचं. ताज्या चांगल्या ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, पण पाकीट उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की तो उडून जातो, म्हणून हिशोब २५ टक्क्यांनी धरावा. गोळे झालेली, वास न येणारी पावडर म्हणजे चुनाच राहिलेला असतो, ती टाकून काही होत नाही. किराणा दुकानातली वर्षभर पडलेली पुडी घेऊ नका.

टाकी निर्जंतुक करायची जोरदार पद्धत म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन, म्हणजे हजार लिटरला २०० ग्रॅम पावडर, तुमच्या ५ हजार लिटरला १ किलो. टाकी काठोकाठ भरून रात्रभर, जमलं तर २४ तास ठेवायची आणि ते सगळं पाणी सोडून द्यायचं. एवढं पाणी मे महिन्यात ओतून देणं जिवावर येतं, मलाही योग्य वाटत नाही, म्हणून पाण्यात घाण मिसळल्याची शंका असेल तेव्हाच ही पद्धत वापरा. एरवी भिंतींना पुसून घेणं पुरतं. १० लिटरच्या बादलीत १० ग्रॅम पावडर कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी लांब दांड्याच्या ब्रशने नाहीतर फवारणीच्या पंपाने भिंतींना, तळाला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला लावा, अर्धा तास ठेवा आणि स्वच्छ पाण्याने धुऊन ते पाणी उपसून टाका. हे होईल तितकं बाहेर उभं राहूनच करा, बंद जागेत क्लोरीनचा वास छातीत भरतो. कमरेएवढी टाकी आहे म्हणून आत बसून घासू नका, ज्याने आत बसायचं ठरवलंच असेल त्याला वर लिहिलेलं सगळं लागू आहे.

मग प्यायचं पाणी भरलं की हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर, म्हणजे तुमच्या टाकीला १२-१३ ग्रॅम. सांगलीत नळालाच क्लोरीनचं पाणी येत असेल तर आधी तपासा, असेल तर वरून घालायची गरज नाही. अर्ध्या तासाने तपासल्यावर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसला पाहिजे, आपल्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, तोच आकडा आहे. ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो तो किट मिळतो, तपासलेलं पाणी पिऊ नका, ओतून द्या.

आणि हात जोडून एक सांगतो, टाकीत किंवा त्याच बादलीत संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र करू नका. डाग जात नाहीत म्हणून करतात लोक. त्यातून क्लोरीनचा गॅस निघतो आणि टाकीसारख्या जागेत तो पळायलाही वेळ देत नाही.

प्रश्न: आमच्या बिल्डिंगमध्ये महिन्याभरात पाच जणांना कावीळ झाली, त्यात एक मुलगी गरोदर आहे. टाकी लगेच धुऊन घेतली तरी आठ दिवसांनी पुन्हा पाण्याला वास. टाकीपासून चार-पाच फुटांवर ड्रेनेजचं चेंबर आहे. चेअरमन म्हणतात टीडीएस ९० आलाय म्हणजे पाणी एकदम शुद्ध आहे. (सिंहगड रोड, पुणे)

ताई, आधी तातडीचं. आजपासून पिण्याचं, दात घासायचं आणि कच्चं खायचं धुवायचं पाणी उकळून, खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट ठेवून वापरा, सगळ्या फ्लॅटना आजच निरोप द्या. त्या मुलीला डॉक्टरांकडे न्या आणि बिल्डिंगमध्ये आणखी चौघांना कावीळ आहे हे आवर्जून सांगा, कारण पाण्यातून येणाऱ्या काविळीतला हिपॅटायटिस ई गरोदरपणात, खासकरून शेवटच्या महिन्यांत, जिवावर बेतू शकतो. आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला लेखी कळवा, सोसायटीचं नाव खराब होईल म्हणून थांबू नका, तुमच्याच भागात जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे, म्हणजे हातापायातली ताकद जाते त्या मज्जातंतूंच्या आजाराचे पेशंट वाढले तेव्हा सगळ्यांचं लक्ष पहिल्यांदा पाण्याकडेच गेलं होतं.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. जंतूंचा त्याच्याशी काही संबंध नाही. ९० टीडीएसच्या पाण्यात मैलापाणी थोडं मिसळलं तरी मीटर फारसा हलणार नाही. चेअरमन साहेबांना सांगा की तपासणी जीवाणूंची करायची आहे, प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणून, बर्फात ठेवून काही तासांत परत पोचवायची. १०० मिलीमध्ये ई कोलाय अजिबात सापडता कामा नये. महापालिकेकडे नाहीतर राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत चौकशी करा, ती पुण्यातच आहे.

आता टाकी. धुऊन आठ दिवसांत पुन्हा वास येतो म्हणजे घाण टाकीत तयार होत नाहीये, बाहेरून येतेय, आणि ती कुठून येतेय ते सापडेपर्यंत कितीही वेळा धुवा. रात्री नळाचा व्हॉल्व्ह आणि पंप दोन्ही बंद करून पाण्याची पातळी भिंतीवर खुणेने मांडा. सकाळी पातळी खाली गेली असेल तर टाकी गळतेय, वर आली असेल तर बाहेरचं पाणी आत येतंय. पण नुसती गळत असली तरी निश्चिंत होऊ नका, कारण टाकी भरलेली असते तेव्हा ज्या भेगेतून पाणी बाहेर जातं त्याच भेगेतून टाकी रिकामी झाल्यावर बाहेरची ओल आत येते. चेंबर तुंबलं की भोवतालची माती मैल्याने भिजलेली असते आणि आपली टाकी रोज सकाळी पंप लावल्यावर रिकामी होते, म्हणजे रोज तिला ते शोषायची संधी मिळते. टाकी पूर्ण रिकामी आणि कोरडी करून तीन-चार तास ठेवली तर कुठल्या भिंतीला पाझर येतो ते वरून टॉर्चने दिसतं. प्लंबरकडे चेंबरमध्ये टाकायचा रंग असतो, तो टाकून आत रंग उतरतो का बघता येतं.

आत येत नसेल तर मग नळाची लाइन बघा. आपल्याकडे पाणी दिवसातून काही तासच येतं, बाकीचा वेळ पाइपात दाब नसतो आणि गटाराजवळून जाणाऱ्या फुटक्या पाइपात बाहेरचं ओढलं जातं. पाणी यायला लागल्यावर पहिल्या पाच-दहा मिनिटांचं पाणी टाकीत न घेता बादलीत घेऊन बघा, गढूळ किंवा वासाचं असेल तर पाणीपुरवठा विभागाला बोलवा.

अजून एक, हे लोकांच्या लक्षात येत नाही. हिपॅटायटिस ए किंवा ई पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत जाऊ शकतात. तेव्हा आज दुरुस्ती केली तरी पुढचे काही आठवडे नवीन पेशंट निघू शकतात, त्यावरून दुरुस्ती फसली असं ठरवू नका, पाण्याचे रिपोर्ट बघत राहा. आणि शक्य असेल तर चेंबर हलवा. खर्चाचं काम आहे, पण टाकीला आतून कितीही लेप दिले तरी चार फुटांवर मैला ठेवून झोप कशी येणार?

प्रश्न: घरी आरओ आहे, मग टाकीवर एवढा खर्च कशाला? आणि कंपनीवाले यूव्ही ट्रीटमेंटचे वेगळे पैसे लावतात ते द्यावेत का? (वाशी)

आरओचं पाणी तुम्ही पिता, पण दात कुठल्या पाण्याने घासता, कोथिंबीर कशात धुता, बाळाची बाटली कशात विसळता? ते सगळं टाकीचंच. यूव्हीचा दिवा काही मिनिटं फिरवतात, उजेड जिथे थेट पडतो तिथलेच जंतू मरतात, खांबामागे आणि गाळाखाली काही होत नाही, आणि पाणी भरल्यावर त्याचा काही परिणाम उरत नाही. घासणं आणि क्लोरीन नीट झालं असेल तर त्याचे वेगळे पैसे मी देणार नाही. त्या पैशात झाकण बदला. नव्वद टक्के भांडण झाकणाशी आहे असं मला वाटतं, पार्किंगच्या फरशीशी सपाट झाकण असतं, गाडी धुतलेलं पाणी, कुत्र्याची घाण, पहिल्या पावसाचं पाणी सरळ आत. झाकणाची कड फरशीपासून निदान अर्धा फूट उंच हवी, झाकण कडेवरून खाली उतरणारं, कुलूप लागणारं, आणि ओव्हरफ्लो आणि हवेच्या पाइपाला बारीक जाळी. जाळी नसेल तर डास आत जातात, शहरात मलेरिया पसरवणारा ॲनाफिलिस स्टीफेन्सी हा डास टाक्यांच्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

प्रश्न: गावात टँकर येतो, आम्ही अंगणातल्या हौदात घेतो आणि मग पिंपात. टँकरवाला पावडर टाकली म्हणतो. पिंपाला किती टाकायची? (आशाताई, औसा तालुका)

ताई, २०० लिटरच्या पिंपाला अर्धा ग्रॅम पावडर लागते आणि अर्धा ग्रॅम घरात मोजता येत नाही, म्हणून आधी द्रावण करा. एक लिटर पाण्यात ४० ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर कालवायची, चुना बसला की वरचं निवळ पाणी गडद रंगाच्या प्लास्टिकच्या बाटलीत ओतून सावलीत ठेवायचं, धातूच्या भांड्यात नाही, आणि आठवड्याने नवीन करायचं. त्यातले १५ मिली, म्हणजे औषधाचे तीन चमचे, एका पिंपाला. टँकरचं पाणी असेल तर २० मिली घाला. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून, निवळू देऊन, वरचं पाणी दुसऱ्या पिंपात घेऊन मग द्रावण, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. अर्ध्या तासाने ओटी बघा, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे किट असतं, पिवळं आलं नाही तर अजून एक चमचा आणि पुन्हा अर्धा तास.

हौदाचं म्हणाल तर टँकर यायच्या आदल्या दिवशी तो आपोआप रिकामा होतो, तोच धुवायचा दिवस. पाणी फार लागत नाही, दोन बादल्या आणि खराटा. टँकरचा पाइप जमिनीवर लोळत येतो आणि तसाच हौदात जातो, तेवढा धुऊन आत सोडायला लावा, भांडावं लागलं तरी भांडा.

प्रश्न: आमचा ग्रुप दर उन्हाळ्यात गडावरची पाण्याची टाकी साफ करतो. गाळ काढल्यावर ब्लीचिंग टाकावं का? (जुन्नर)

टाकू नका. कातळात खोदलेल्या टाक्यात बेडूक असतात, मासे असतात, गडावरची जनावरं आणि पाखरं तेच पाणी पितात. प्यायला पाणी घ्यायचं तर बाटलीपुरतं क्लोरीनची गोळी टाकून घ्या. शिवनेरीच्या गंगा-जमुना टाक्यांसारखं संरक्षित ठिकाण असेल तर पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय गाळाला हातही लावू नका, गाळात जुनी भांडी, नाणी सापडू शकतात आणि ती कुठल्या थरात होती हे कळणं महत्त्वाचं असतं. आणि खांबटाकं, म्हणजे कातळात खांब ठेवून कोरलेलं टाकं, आत खोल अंधारात गेलेलं असेल, गाळ काळा असेल, तर डोंबिवलीला जे लिहिलंय ते तुम्हालाही लागू. गडावर तर मदत यायला तास लागतात. तिथे हवेची खात्री नसेल तर त्या टाक्यात उतरू नका, बाहेरून निघेल तेवढाच गाळ काढा.